पेठांमधला काळोख: पुण्याचा काळा इतिहास पायी फिरून कसा बघायचा

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा दाखवायला न्यायचं आणि तिथे पोचलं की कुणीतरी हमखास विचारतं, इथेच ना ते "काका मला वाचवा" ऐकू येतं? आमच्या घरी हे वर्षानुवर्षं चाललंय. एकदा मी स्वतः पैसे भरून भुतांच्या एका रात्रीच्या फेरीला गेले होते, तिथे वाड्याबाहेर अंधारात सगळ्यांना उभं केलं आणि एका मुलाने ती आरोळी मोठ्याने ठोकून दाखवली, लोक दचकले, हसले, सेल्फी काढले आणि पुढे गेले. मला घरी येऊन झोप लागली नाही. अठरा वर्षांचा मुलगा होता तो नारायणराव पेशवा, आणि त्याच्याबरोबर त्या दिवशी मेलेल्या बाकीच्यांचं तर कुणी नावही काढलं नव्हतं.

त्यानंतर मी वाचत गेले, चालत गेले आणि हळूहळू दोन दिवसांचा एक रस्ता ठरत गेला. आता कुणी विचारलं की मी त्यांना तोच सांगते, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. यात भुतं नाहीत. माणसांनी माणसांशी काय केलं ते आहे, आणि ते बघायला दिवसाचा उजेड लागतो. नारायणरावांचा खूनसुद्धा भर दुपारी झाला होता.

निघण्याआधी

गाडी घेऊन येऊ नका, पेठांमध्ये पार्किंगसाठी फिरण्यातच तुमची सकाळ जाईल. मेट्रो आता कसबा पेठ आणि मंडई दोन्हीकडे उतरवते, परतीला डेक्कनचं स्टेशन आहे, त्यामुळे हा सगळा रस्ता मेट्रोने येऊन मेट्रोने परत जाण्यासारखा आहे. आणि बायकांसाठी खास सांगते, स्टेशनवरची स्वच्छतागृहं वापरून मगच वर या कारण पुढे पेठेत चांगली सोय शोधत बसावं लागतं. बूट साधे, मळले तरी चालतील असे. पाण्याची बाटली, टोपी, एक छोटी वही.

वही मी मुद्दाम सांगतेय. प्रत्येक ठिकाणी पानाचे दोन भाग करायचे, एकीकडे "नोंद आहे" आणि दुसरीकडे "सांगतात". पुण्यात या दोन गोष्टी इतक्या एकमेकींत मिसळल्यात की एकदा वेगळ्या लिहायला लागलं की आपलं आपल्यालाच दिसायला लागतं की आपण आयुष्यभर ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून सांगत होतो. आणि पानाच्या खाली एक प्रश्न, इथे कोण मेलं आणि त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहितीयेत. बस एवढंच. फोनमध्ये टाइप करू नका, फोन हातात आला की माणूस मान खाली घालून चालतो.

महिना शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गणपतीत येऊ नका, रस्ते बंद असतात आणि तो वेगळाच आनंद आहे, तो वेगळा घ्या. पावसाळ्यात पहिला दिवस करता येईल पण दुसऱ्या दिवसाचा नदीकाठ टाळा, का ते तिथे पोचलो की सांगते. सकाळी सातला सुरुवात केली तर अकरा-साडेअकरापर्यंत एका दिवसाचं होतं, मध्ये अमृततुल्यमध्ये दोनदा बसून. वाड्याच्या आणि स्मारकांच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या कारण त्या बदलतात.

पहिला दिवस: कसब्यापासून फुलेवाड्यापर्यंत

सुरुवात कसबा गणपतीपासून. दर्शन घ्या आणि मग देवळाबाहेर जरा बाजूला उभं राहून आजूबाजूच्या गल्ल्या बघा, मूळ पुणं एवढंच होतं. १६३० च्या आसपास आदिलशाहीच्या मुरार जगदेवने हे गाव जाळून उद्ध्वस्त केलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार रोवली, म्हणजे इथे परत कुणी वस्ती करायची नाही. नंतर जिजाऊ आणि बाल शिवाजीराजे इथे आले, सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला ही पुढची गोष्ट आपण शाळेत शिकतो. नांगर सोन्याचा होता का, पहारेला काय बांधलं होतं, हे सगळं "सांगतात"च्या रकान्यात. पण गाव उजाड झालं होतं हे खरं, आणि त्याच सुमाराला दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. आपण सोन्याच्या नांगरापाशी इतक्या पटकन पोचतो की आधी जळालेल्या घरांपाशी कुणी थांबतच नाही, म्हणून मी लोकांना इथे मुद्दाम पाच मिनिटं नुसतं उभं करते.

तिथून लाल महाल अगदी जवळ. आत्ताची इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, जुना महाल कधीच नाहीसा झाला, हे सोबतच्यांना आधीच सांगा नाहीतर लोक सिमेंटच्या भिंतीला हात लावून भारावतात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजीमहाराज मोजक्या माणसांनिशी इथे शिरले, शाहिस्तेखानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला. ही शौर्याची गोष्ट आहे आणि मला ती आजही तितकीच आवडते. इथे फार वेळ काढू नका, खरं काम पुढे आहे.

शनिवारवाड्यासाठी तास-दीड तास हाताशी ठेवा. तिकीट काढून लगेच आत पळू नका, आधी दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणात थांबा, पहिल्या बाजीरावांच्या पुतळ्याजवळ. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकराला याच वाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं आणि दुसरा बाजीराव ते वरून बघत होता. आज तिथे मुलं फुगे घेऊन पळतात, भेळवाले असतात. विठोजीचा भाऊ यशवंतराव पुढच्या वर्षी, १८०२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला हडपसरच्या लढाईत जिंकला, बाजीराव पळून वसईला गेला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांशी तह केला आणि तिथून पंधरा-सोळा वर्षांत सगळं संपलं. १७ नोव्हेंबर १८१७ ला याच वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. म्हणजे मराठी राज्य कुठे बुडालं असं कुणी विचारलं तर मी तरी या पटांगणाकडे बोट दाखवीन.

आता आत. दरवाज्यावरचे खिळे बघा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून आहेत ते. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. आत गेल्यावर बरेच जण निराश होतात कारण आत वाडाच नाही, नुसती जोती आणि हिरवळ. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती सात दिवस जळत होती, त्यात लाकडी वाडा सगळा गेला. त्याच्या आधी इंग्रजांनी याच पेशव्यांच्या दिवाणखान्यांत तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ ठेवलं होतं. त्या जोत्यांवरून चालताना हे मनात असू द्या.

नारायणरावांचं नीट सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त भेसळ झालीये. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, थकलेल्या पगाराच्या नावाखाली गारदी, म्हणजे पेशव्यांचे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले, पुढे सुमेरसिंग. नारायणराव धावत काकांच्या, राघोबादादांच्या खोलीत गेला आणि त्यांना मिठी मारली. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्याच्या अंगावर आडवा पडला, त्याच्यासकट कापला. वाड्यात त्या दिवशी अकरा माणसं मेली, त्यात इच्छारामपंत ढेरे होते, इतर कारकून-ब्राह्मण होते आणि दोन दासी होत्या. राघोबांच्या हुकुमातल्या "धरावे"चं "मारावे" त्यांची बायको आनंदीबाईंनी केलं ही गोष्ट घराघरात माहितीये, ती मात्र सांगोवांगीच्या रकान्यात लिहा, सगळा दोष एका बाईच्या बोरूवर ढकलणं लोकांना फार सोपं गेलं असं माझं मत आहे. नोंद कशाची आहे तर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, पेशव्याच्या गादीवर बसलेल्या राघोबांना तोंडावर दोषी ठरवलं, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. मला या सगळ्या काळोखात हा एक माणूस फार मोठा वाटतो.

मग वाड्याच्या दक्षिणेकडच्या दरवाज्यापाशी जा. याचं जुनं नाव जांभूळ दरवाजा, वाड्यातल्या दासींच्या, कुणबिणींच्या जाण्यायेण्याचा हा रस्ता होता. नारायणरावांचा देह इथूनच तुकड्यांत बाहेर काढून नदीकाठी नेला म्हणून पुढे तो नारायण दरवाजा झाला. कुणबिणी म्हणजे नोकर नव्हेत, त्या विकत घेतलेल्या, दुष्काळात पोट भरत नाही म्हणून विकल्या गेलेल्या बायका होत्या. त्या अकरांतल्या दोघी रोज याच दरवाज्यातून ये-जा करत असतील. दरवाज्याला नाव धन्याचं मिळालं. मी इथे वहीत दोन रिकाम्या ओळी सोडते, त्या दोघींसाठी.

बाहेर पडण्याआधी हजारी कारंजं बघा, कमळाच्या आकाराचं, अतिशय देखणं. सवाई माधवराव, म्हणजे नारायणरावांचा मुलगा जो बापाच्या खुनानंतर जन्मला, १७९५ च्या ऑक्टोबरात वरच्या मजल्यावरून कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला. वय २१. तोल गेला की उडी टाकली यावर अजून वाद आहे, दोन्ही लिहून ठेवा.

वाड्याच्या मागच्या अंगाला नाना वाडा आहे, नाना फडणवीसांचा, १७८० चा. लाकडी खांबांचं काम बघण्यासारखं आहे. ३१ डिसेंबर १७९७ ला नानांना दग्याने पकडलं आणि मग १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या खर्चासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या पैसेवाल्यांना पकडून पैसे काढायला सुरुवात केली. नानांच्या नात्यातल्या गंगाधरपंत भानूंना तापलेल्या तोफेला बांधलं, त्यातच ते गेले. परकं सैन्य नव्हतं हो ते, आपलंच होतं. आणि हे सोसून झालं नाही तोच १८०३-०४ चा दुष्काळ.

इथे चहा प्या. खरंच थांबा, कारण सोबतचे लोक या टप्प्यावर गप्प होतात, हे मी प्रत्येक वेळी बघितलंय.

चहा झाला की शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपतीच्या दिशेने. त्या भागाला कोतवाल चावडी म्हणतात आणि कोतवाल म्हटलं की घाशीराम. नाटकामुळे नाव सगळ्यांना माहीत असतं पण तो खरा माणूस होता, घाशीराम सावळदास, १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. १७९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणा घेऊन परत निघालेल्या तीसपेक्षा जास्त तेलंगी ब्राह्मणांना त्याने चोर ठरवून एका अंधाऱ्या कोठडीत कोंडलं, सकाळपर्यंत त्यातले २१ जण गुदमरून मेले. सरदार मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडून बाकीच्यांना सोडवलं, शहर पेटलं आणि ३१ ऑगस्टला जमावाने घाशीरामला दगडांनी ठेचून मारलं. त्या २१ जणांचं एकही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही, मारणाऱ्याचं मात्र सव्वादोनशे वर्षं तोंडपाठ आहे.

दगडूशेठच्या समोरच भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे काढली. २०२३ च्या डिसेंबरात मोडकळीला आलेला वाडा स्मारकासाठी पाडला. मी पाडायच्या आधी कितीतरी वेळा त्याच्यासमोरून गेले होते, खाली दुकानं, वर पडके कठडे, आणि एकदाही थांबून नीट बघितलं नाही याचं मला आज फार वाईट वाटतं. तुमच्या गावात असं काही उभं असेल तर आत्ता जाऊन बघा.

बुधवार पेठेतल्या आतल्या गल्ल्यांबद्दल एक स्पष्ट सांगते. तिथल्या वस्तीतल्या बायका हा तुमच्या फेरीचा भाग नाही. कॅमेरा बॅगेत, कुजबुज बंद, थांबून बघणं नाही. ग्रुप असेल तर मी तिकडून नेतच नाही, मोठ्या रस्त्याने सरळ मंडईकडे जाते.

मंडईपासून फुलेवाडा, गंज पेठ, चालत पंधरा-वीस मिनिटं. बरेच जण म्हणतात आता बास, पुढच्या वेळी. माझा आग्रह आहे की हा टप्पा सोडायचा नाही, चालवत नसेल तर रिक्षा करा पण जा. कारण आत्तापर्यंत आपण वाड्यांमधल्या लोकांचा काळोख बघितला आणि त्याच शहरात असे लोक राहत होते ज्यांना वाड्यासमोरच्या रस्त्यावर चालायचीही मुभा नव्हती. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिलंय. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मुलीने ज्ञानोदयमध्ये निबंध लिहिला. बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांपैकी कुणी तालीमखान्यासमोरून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, वाड्यांच्या पायात आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पुरत, असं तिने लिहिलं. कुमारवयातली मुलगी होती ती. गुलटेकडी म्हणजे आज आपण मार्केट यार्डला भाजी आणायला जातो तो भाग. हा निबंध आदल्या रात्री वाचून या, सहज मिळतो, आणि आपल्या जोत्यांवरच्या सकाळच्या फेरीनंतर तो आठवला की पायाखालचे दगड वेगळे वाटतात.

फुलेवाड्यात जोतीरावांनी १८६८ मध्ये सगळ्यांना खुला केलेला हौद-विहिरीचा भाग आहे, त्यांची समाधी आहे. आणि इथलंच एक काम ज्याचा आपण नुसता उल्लेख करून पुढे जातो, १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह. विचार करा, एखाद्या शहरात अशी जागा काढावी लागते म्हणजे त्या शहरातल्या वाड्यांच्या मागच्या अंगणात काय चाललं असेल. केस काढलेल्या कोवळ्या विधवा, घरातल्याच कुणीतरी नादी लावलेल्या, मग बाळ मारायचं नाहीतर स्वतः विहिरीत उडी टाकायची. पेठांमधले जुने आड, विहिरी बघताना मला नेहमी हेच आठवतं आणि या मेलेल्यांची तर कुठेच नोंद नाही, ना एका रकान्यात ना दुसऱ्या. फुल्यांनी त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं. पहिला दिवस इथे संपवा, थोडा वेळ आत बसा, घाई नको.

दुसरा दिवस: प्लेग आणि नदी

मंडई स्टेशनला उतरून विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, लाकडी नक्षीची गॅलरी पुण्यातली सगळ्यात सुंदर म्हणावी अशी. १३ मे १८७९ च्या रात्री हा आणि बुधवार वाडा दोन्ही पेटवले गेले, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस, सगळ्यांचा पहिला संशय तिकडेच. नंतर रानडे नावाच्या माणसाने आग लावली असं निघालं. बुधवार वाडा गेला तो गेलाच.

तिथून कुमठेकर रस्त्याने सदाशिव पेठेत शिरा आणि आता सावकाश चाला कारण प्लेगचं स्मारक असं एका जागी नाही, घराघरात आहे. १८९७ च्या मार्चमध्ये प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड होता आणि गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या एकेक गल्ली वेढून घरात घुसायच्या, देवघर, माजघर, स्वयंपाकघर, सगळीकडे बुटांसकट. बायकांना सगळ्यांसमोर तपासायचे, सामान बाहेर काढून जाळायचे, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायचे. प्लेग भयंकर होता आणि उपाय करायलाच हवे होते, पण ज्या पद्धतीने केले ते लोक विसरले नाहीत. एखादा जुना वाडा दिसला तर बाहेरूनच बघा, अरुंद दिंडी दरवाजा, आत चौक, आणि तिथे आठ-दहा सोल्जर एकदम शिरले तर कसं वाटेल ते डोळ्यापुढे आणा.

२२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या समारंभाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला आणि लेफ्टनंट आयर्स्टला गोळ्या घातल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. ती जागा इथून लांब आहे, पायी जाऊ नका, बसने वेगळी बघा. पण सदाशिव पेठेत द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या इथेच, ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री, वीस हजारांच्या बक्षिसासाठी दामोदर चापेकरांची माहिती दिली म्हणून. दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण, तिघे सख्खे भाऊ आणि चौथा त्यांचा साथीदार महादेव रानडे, चौघेही येरवड्यात फासावर गेले, दामोदर १८९८ मध्ये आणि बाकी तिघे १८९९ मध्ये. तीन मुलं गेलेल्या त्या आईबापांचं काय झालं असेल हे माझ्या मनातून जात नाही. टिळक तेव्हा याच भागात, विंचूरकर वाड्यात राहायचे, केसरीतल्या लेखनाबद्दल त्यांना राजद्रोहाची अठरा महिने सक्तमजुरी झाली.

आणि १८९७ च्या त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा यशवंताच्या दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली. ते पोर वाचलं. मी ही ओळ वहीत प्रत्येक वेळी परत लिहिते.

पुढे नारायण पेठ, शनिवार पेठ ओलांडून ओंकारेश्वर. पेशवाईतलं देऊळ आहे, शांत, आत दहा मिनिटं बसण्यासारखं. मग शेजारच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर या. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच पुलावर गोळ्या घातल्या. चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, ज्याच्यासाठी ते इतकी वर्षं झटत होते. २०२४ मध्ये कोर्टाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. अजूनही लोक इथे जमतात, गाणी म्हणतात. पुलावर फूटपाथ आहे पण वाहनं जोरात येतात, घोळका करू नका, एका कडेला उभे राहा. भुतांच्या फेऱ्या मला का सहन होत नाहीत ते मी इथे उभं राहून सांगते आणि मग दुसरं काही बोलावं लागत नाही.

एक जागा मी मुद्दाम या रस्त्यात घेतलेली नाही. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातली घरं कुठे आहेत असं लोक फार उत्साहाने विचारतात. मी सांगत नाही. तिथे लोक राहतात, त्या कुटुंबांची माणसं आहेत, आणि संध्याकाळी सातनंतर पुण्यात दारं लागायची ती भीती ज्यांनी भोगली ते अजून आपल्यात आहेत. त्यांच्याशी बोला, घराचे फोटो काढू नका.

आता नदीच्या बाजूने लकडी पुलाकडे. पावसाळ्यात नदीपात्रातला रस्ता टाळा म्हटलं ते यासाठी की खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो रस्ता आणि भिडे पूल बघता बघता पाण्याखाली जातात. विसर्ग किती आहे याची सूचना सकाळी येते, ती वाचल्याशिवाय खाली उतरू नका, पोलिसांनी दोरी लावली असेल तर ओलांडू नका. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरात पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण अजून पुरतं झालेलंही नव्हतं, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली पण सकाळी ते फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं आणि दुपारपर्यंत अर्धं पुणं पाण्यात. लकडी पूल बुडाला. माझी आजी तेव्हा नारायण पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची, ती सांगायची की आधी कुणी विश्वासच ठेवला नाही, मग रस्त्यावरून लोक ओरडत पळायला लागले तेव्हा तिने एका हाताने माझ्या वडिलांना धरलं आणि दुसऱ्या हाताने उगीचच पिठाचा डबा. दोन दिवसांनी परत आली तर खोलीत कमरेएवढा चिखल. त्या वाड्याच्या जिन्यात आजोबांनी खिळ्याने एक आडवी रेघ ओढून ठेवली होती, पाणी इथपर्यंत आलं होतं म्हणून, आम्ही मुलं तिच्याखाली उभं राहून उंची मोजायचो. नारायण आणि शनिवार पेठेत चालताना जुन्या भिंतींवर अशा खुणा शोधा, आणि कट्ट्यावर बसलेले सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा दिसले तर "पानशेतच्या वेळी तुम्ही कुठे होता?" एवढंच विचारा. अर्धा तास मोकळा ठेवा. पुण्यातला माणूस अनोळखी लोकांशी बोलत नाही म्हणतात, या प्रश्नाला मला आजपर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर वसवलं, म्हणजे आजच्या निम्म्या पुण्याचा पत्ता त्या एका दुपारने बदलला.

शेवटचा थांबा लकडी पूल. पाटी संभाजी पूल अशी आहे, म्हणतात मात्र सगळे लकडी पूलच. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, परतणाऱ्या फौजेसाठी नानासाहेबांनी इथे लाकडाचा पूल बांधवला अशी गोष्ट आहे, नंतर तो दगडी झाला. १४ जानेवारीला पानिपत झालं आणि २३ जूनला पर्वतीवर नानासाहेब गेले, मुलगा आणि भाऊ गमावल्याच्या धक्क्यातून ते उठलेच नाहीत. पानिपतची बातमी सावकाराच्या सांकेतिक चिठ्ठीतून आली होती म्हणतात, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव. मोहरांचीही नावं शोधली तर सापडतात.

पुलाच्या मध्यावर, डेक्कनकडे तोंड करून उजव्या हाताला उभं राहिलं की नदी लांबपर्यंत दिसते. १७६१ आणि १९६१, बरोबर दोनशे वर्षं, एकाच पुलावर. पुरात नक्की किती माणसं गेली त्यावरही एकमत नाही, हजाराच्या आसपास म्हणतात. वही उघडा, दोन दिवसांत पानाखाली लिहिलेल्या रिकाम्या ओळी मोजा. माझ्या गेल्या फेरीत एक कॉलेजची मुलगी होती, तिने मोजून बघितलं आणि वही मिटून बॅगेत टाकली, मग म्हणाली की ताई, आपण त्या दोन दासींची नावं कुठे मिळतात का ते बघूया ना, पेशवे दफ्तर इथेच तर आहे. मोडी येत नाही म्हणून ती आता क्लासला जाते. मीही नाव घातलंय.

पुलावरून खाली उतरलात की डेक्कन स्टेशन पाच-दहा मिनिटांवर आहे.